ॲडमिन-दोन कधी उघडलं

मला एका जागी बसवत नाही. घरचे म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी आहे. कारखान्यात म्हणतात, मॅडमच्या आधी मॅडमच्या चपला येतात. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी, दोन टेबलं, माझं कधीच न ऐकणारा एसी आणि भिंतीलगतची एक रिकामी जागा. तिथं पूर्वी सर्व्हर होता, कपाटाएवढा, दिवसभर घरघरणारा. मागच्या वर्षी तो काढला आणि टॉवेलांच्या नक्ष्या, ऑर्डरी, हजेरी, सगळं क्लाउडवर नेलं. क्लाउड म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी प्रचंड कॉम्प्युटरवर आपण भाड्याने घेतलेली जागा. तिथं भाडेकरूसारखंच राहायचं, आणि किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत याची काळजी करायची.

त्या किल्ल्यांवरूनच सगळं झालं.

दिवाळीची सुट्टी संपून माग पुन्हा खडखडायला लागले होते. धाकट्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाने नवी ऑर्डर देण्याआधी विचारलं होतं की आमच्या नक्ष्या तुमच्याकडे कोण कोण उघडू शकतं, त्यांची नावं पाठवा. मालकांनी ती नावं क्लाउडवर काढून ठेवली होती. त्यात मी होते, ते स्वतः होते, डिझाइनवाले होते, आणि सगळ्यांच्या खाली एक खातं होतं, ॲडमिन-दोन. त्याला सगळे हक्क. बघायचे, पुसायचे, नवी खाती उघडायचे. माझ्या खात्यालाही तेवढे नव्हते.

"हे कुणाचं?" मालकांनी विचारलं.

"माहीत नाही, सर."

"मला माहीत आहे. जाताना करून गेली ती."

ती म्हणजे डिझाइनमधली मुलगी. जवळजवळ वर्षभर आमच्याकडे होती आणि या दिवाळीच्या तोंडावर राजीनामा देऊन पुण्याच्या कंपनीत जायला निघाली होती. शहराच्या पूर्व भागातली, तेलुगू घरातली. आजोबा हातमागावर, वडील यंत्रमागावर, आणि ही पडद्यावर नक्षी काढायची. काम चोख, बोलणं कमी. मला अक्का म्हणायची, आणि मी येरझाऱ्या घालायला लागले की मुकाट्याने खुर्ची बाजूला सरकवून मला वाट करून द्यायची. मालकांचा राग असा की ऐन हंगामात सोडून गेली. नक्ष्या चढवणाऱ्यांसाठी नवी खाती उघडायचा हक्क तिला दिला होता, हे खरं. बाकीचं सगळं त्यांनी रागाने जोडलं होतं.

"सर, आपली नक्षी कुठं बाहेर गेलीय का?"

"अजून तरी नाही."

"मग?"

"मग काय मॅडम? चोरकिल्ली कुणी हौसेनं बनवतं का?"

त्यांच्या पडद्यावर तिच्या नव्या कंपनीचा मेल उघडा होता. ही मुलगी तुमच्याकडे होती का, वागणूक कशी होती, शनिवारपर्यंत कळवा. मालकांनी उत्तर लिहायला घेतलं होतं. चौकशी चालू आहे, एवढंच. अनुभवाचं पत्रही त्यांनी अडवून ठेवलं होतं. माणूस दुष्ट नाही, पण एकदा मनात बसलं की बसलं. मी म्हणाले, शनिवारपर्यंत हे पाठवू नका, मी खातं कधी उघडलं ते शोधून काढते. ते म्हणाले, शोधा की, मला काय. मी तिथून निघाले ती सरळ मागांच्या शेडमध्ये एक फेरी मारून आले, कारण नसताना.

प्रश्न साधा होता. मुलगी कामावर आली गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर. खातं त्याआधीचं असेल तर ती सुटली. नंतरचं असेल तर मलाही काही बोलता येणार नव्हतं.

संध्याकाळी तिचाच फोन आला. "अक्का, माझं लेटर झालं काय? तिथल्या मॅडम रोज विचारायलेत."

लपवणं मला जमत नाही. मी सगळं सांगून टाकलं. तिच्या मागे कुणाचा तरी टीव्ही चालू होता.

"अक्का, मी ते नाव बघितलंसुद्धा नाही हो."

"मला माहीत आहे."

"आईला सांगू नका. ती गल्लीत पेढे वाटून बसलीय."

त्या रात्री मी जेवले काय आणि झोपले काय, मला सांगता येणार नाही. पेढेच डोळ्यासमोर येत होते. आमच्याकडे नोकरी लागली की अख्ख्या गल्लीला कळतं, आणि सुटली की गल्लीला त्याहून लवकर कळतं.

सकाळी आल्या आल्या ते खातं उघडून बघितलं. नाव आहे, हक्क आहेत, पण कधी उघडलं याची तारीख त्या पडद्यावर कुठंच नाही. मी टेबलावर थाप मारली. ज्या पुण्याच्या सल्लागाराने आम्हाला क्लाउडवर नेलं होतं त्याला फोन लावला. तो विमानतळावर होता. म्हणाला, "मॅडम, अशी खाती मी सगळीकडे उघडत असतो, काय आठवणार? ऑडिट लॉग बघा." आणि विमानात बसला.

ऑडिट लॉग म्हणजे क्लाउड आपणहून ठेवतो त्या नोंदी. कुणी खातं उघडलं, कुणी बंद केलं, कुठल्या खात्यातून, किती वाजता. माणूस त्या लिहीत नाही आणि माणसाला त्या खोडताही येत नाहीत. पण त्या कायमच्या राहत नाहीत. आमच्याकडे त्या साधारण तेरा महिने टिकायच्या. मग मागच्या टोकाकडून रोज एक दिवस गळून जायचा. आम्ही क्लाउडवर गेलो गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमाराला, आणि आता दिवाळी होऊन गेली होती. मी बोटांवर महिने मोजले आणि मला घाम फुटला. मुलगी यायच्या आधीचे जे दिवस मला हवे होते, तेच शेवटाला आले होते. उद्या सकाळी त्यातला आणखी एक जाणार होता, आणि तो कुठला ते मला माहीत नव्हतं. आपण जेवतोय, झोपतोय, लिफ्टची वाट बघतोय, आणि तिकडं कुणीतरी मागून एकेक पान फाडतंय असं वाटत होतं.

बरं, नोंदी बघाव्यात तर माझ्या खात्याला त्या बघायचा हक्क नाही. तो हक्क द्यायचा तर मूळ खात्यातून. मूळ खातं थोरल्या मालकांच्या नावाने, आणि ते उघडायला लागणारा कोड येतो त्यांच्याच मोबाइलवर. थोरल्या मालकांना सगळा कारखाना आप्पा म्हणतो. वय ऐंशीच्या पुढं. कारखाना मुलाच्या हाती दिलाय, पण फोन नंबर दिलेला नाही. टेलिफोन, बँक, क्लाउड, सगळं अजून त्यांच्या नंबरवर. आणि आप्पा गेले होते अक्कलकोट रस्त्यावरच्या शेतावर. तिथं गेले की फोन बंद करून कपाटात ठेवतात.

"सोमवारी येतील, तेव्हा बघू," धाकटे मालक म्हणाले.

"सर, कंपनीला शनिवारी उत्तर द्यायचंय."

"मग मी काय करू?"

"मी जाते शेतावर."

"जा," ते म्हणाले. "पण आप्पांना यातलं काही सांगत बसू नका. उगाच त्रास."

शुक्रवार होता. मी लॅपटॉप पाठीला लावला आणि स्कूटर काढली. चिंचोळीहून शहरात, शहरातून पलीकडच्या टोकाला. वाटेत प्रत्येक सिग्नलला मी मोबाइलमध्ये वेळ बघत होते, जणू दिवस दुपारीच गळणार होता.

आप्पा लिंबाखाली बाजेवर बसले होते आणि म्हशीशी कन्नडात बोलत होते. माझं माहेर अक्कलकोटचं, त्यामुळे आमचंही बोलणं कन्नडात सुरू होतं आणि कामाचं निघालं की मराठीत येतं. "बा अव्वा, कूड्र," म्हणत त्यांनी बाजेवर हात थोपटला. मी बसले नाही. म्हटलं, आप्पा, मोबाइल चालू करा, एक कोड येईल, तेवढा सांगा.

"कसला कोड?"

"तुमच्या खात्याचा. कुणीतरी एक खातं उघडलंय, ते कधी उघडलं ते बघायचंय."

एवढंच सांगितलं. मालकांनी बजावलं होतं ना.

फोन कपाटातून यायला, चालू व्हायला, चष्मा सापडायला जो वेळ गेला त्यात मी विहिरीपर्यंत जाऊन आले. कोड आला. आप्पा एकेक आकडा वाचायचे आणि मध्येच म्हशीकडे बघायचे. शेवटचा आकडा येईस्तोवर कोडाची मुदत संपली. मी दात-ओठ खाल्ले. दुसऱ्यांदा फोन सरळ त्यांच्या हातातून घेतला, तेव्हा खातं उघडलं. माझ्या खात्याला नोंदी बघायचा हक्क दिला, मूळ खातं लगेच बंद केलं, आणि लॅपटॉप बाजेवर ठेवून शोध लावला.

आधी मुलगी कामावर आली त्या दिवसापासून आजपर्यंत. ॲडमिन-दोन, खातं उघडल्याची नोंद. पडद्यावर गोल फिरत राहिला. मग आलं, काही सापडलं नाही.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मालक काय म्हणणार ते मला पाठ होतं. नाही सापडलं म्हणजे तुम्हाला शोधता आलं नाही. त्यांना रिकामा पडदा दाखवून चालणार नव्हतं, नोंदच दाखवावी लागणार होती. मी सुरुवातीची तारीख मागे ओढत ओढत अगदी टोकाला नेली, जिथवर नोंदी शिल्लक होत्या तिथवर. पुन्हा गोल फिरायला लागला. शेतात रेंज येऊन-जाऊन. मी बाजेभोवती फिरायला लागले.

"बस की गं," आप्पा म्हणाले. "म्हस पन हितकी फिरत न्हाय."

आणि एक ओळ आली.

एकच. ॲडमिन-दोन हे खातं उघडलं. कुणी, तर मूळ खात्याने. कुठून, तर कारखान्याच्याच इंटरनेटवरून. नोंदीतली वेळ आपल्या घड्याळाची नसते, तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. मिळवले तर भर दुपार झाली. तारखेचा मात्र मला काही बोध होईना. गेल्या वर्षीचं कॅलेंडर उघडलं, आणि बघते तर दसरा.

दसऱ्याला ऑफिसला सुट्टी असते. मी त्या दिवशी घरी होते, पाहुण्यांना श्रीखंड वाढत. धाकटे मालक परदेशात प्रदर्शनाला गेले होते. मुलगी तर अजून आमच्या दारातही आली नव्हती. आणि आप्पांच्या मोबाइलवरचा कोड घेतल्याशिवाय मूळ खातं उघडत नाही, हे मी आत्ताच घाम गाळून बघितलं होतं. मी आप्पांकडे बघितलं. ते कडबा किती उरलाय याचा अंदाज घेत होते.

"आप्पा, गेल्या दसऱ्याला तुम्ही कोड कुणाला सांगितला होता का?"

"सांगितला की. त्या पुन्याच्या पोराला."

"कशाला?"

"मुहूर्त केला न्हवं का आपन."

आमच्या कारखान्यात खंडेनवमीला सगळं यंत्र धुऊन-पुसून त्याची पूजा होते, आणि दसऱ्याला मुहूर्तापुरतं थोडंसं काम करायचं. माग चार हात चालवायचा, रंगाच्या खात्यात सुताची एक लड बुडवायची, पॅकिंगने एक खोकं बांधायचं आणि घरी जायचं. आप्पा स्वतः थाळी घेऊन प्रत्येक खात्यात जातात. हे मला माहीत होतं. पण दसऱ्याला मी कधी तिथं नसते, त्यामुळे माझ्या खोलीत काय होतं ते मी बघितलं नव्हतं.

"थाळी घेऊन आलो तुज्या खोलीत," आप्पा सांगायला लागले. "तर मशीनच न्हाय. भिंतीला नुसता चौकोन. त्या पोराला म्हटलं, मशीन कुटं हाय? तर म्हनतो वर गेलं. मी वर बगितलं. वर पंखा. आता कुंकू काय पंख्याला लावू?"

मला हसू यायला लागलं आणि मी ते दाबलं.

"मग म्हटलं त्याला, काय तरी नवीन चालू कर बाबा. दसरा हाय, मोकळं न्हाय जायचं. त्यानं कोड मागितला, खातं काढलं. मालकाचं हाय म्हनून सगळं दिलं म्हनाला त्यात. बटन मीच दाबलं. नारळ फोडला, खोबरं वाटलं. लई चांगला मुहूर्त लागला."

"आणि मला कुणी सांगितलं का नाही?"

"पूजा झाली हे काय सांगायचं असतं व्हय?" त्यांना खरंच नवल वाटलं. "यंदा त्यो पोरगा नव्हता. मग तुज्या टीवीलाच लावलं कुंकू."

ते कुंकू दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी बडबड करत ओल्या फडक्याने पुसलं होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही.

पुढच्या नोंदीही बघितल्या. त्या खात्याने त्यानंतर एकदाही काही केलेलं नव्हतं. ती ओळ मी उतरवून घेतली, लॅपटॉपमध्ये ठेवली, मेलने स्वतःला पाठवली, वर फोटो काढला. दोनचार दिवसांत ती गळणारच होती. मग मला जो राग आला तो कुणावर ते माझं मलाच कळेना. सल्लागारावर, धाकट्या मालकांवर, या म्हाताऱ्यावर. मालकांनी बजावलेलं विसरून मी सगळं भडाभडा बोलून टाकलं. मुलगी, पुण्याची कंपनी, चौकशी चालू आहे, आईचे पेढे.

आप्पांचा हात म्हशीच्या पाठीवर होता तो तिथंच राहिला.

"त्या पोरीला चोर म्हनला?"

"अजून लिहिलं नाही. उद्या लिहिणार आहेत."

"ती मला रोज दारातनं नमस्कार करायची," ते म्हणाले. "माज्या मुहूर्तापायी?" मग त्यांनी आत हाक मारून टोपी मागवली आणि गाडी काढायला सांगितली.

त्यांची जुनी गाडी पुढं आणि माझी स्कूटर मागं, असे आम्ही शहर ओलांडून चिंचोळीला आलो. आप्पा केबिनमध्ये शिरले ते बसलेच नाहीत. धाकटे मालक उभे राहिले.

"तू म्हनतोस ती चोरकिल्ली मी केली," आप्पा म्हणाले. "लिही आता, चौकशी चालू हाय. माजी."

मी लॅपटॉप पुढं केला. मालकांनी ती ओळ वाचली, तारीख वाचली, पुन्हा वाचली. कान लाल झाले होते. माणूस वाईट नाही, हे मी मघाशीच म्हटलंय.

"पण आप्पा, फुल राइट्स द्यायचे?"

"मुहूर्त काय अर्धा करतेत व्हय?"

मालकांनी अर्धवट लिहिलेला मेल पुसला आणि मला म्हणाले, ते खातं आत्ताच्या आत्ता बंद करा. आप्पांकडे बघितलं तर ते भिंतीकडे बघत होते. मी बंद केलं. तिचं पत्र मालकांनी स्वतः बसून लिहिलं, नेहमीच्या पत्रापेक्षा मोठं. काम उत्तम, वागणूक उत्तम, नक्षीची जाण उत्तम. आणि शेवटी एक ओळ, की त्यांच्याबाबत झालेल्या अंतर्गत चौकशीत त्या पूर्णपणे निर्दोष आढळल्या. लिहून झाल्यावर मला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांना ती ओळ फार आवडली होती. मलाही आवडली, खोटं कशाला सांगू. मी तिला फोन केला, दसऱ्याची सगळी हकीकत सांगितली आणि म्हटलं, उद्या सकाळी ये, पत्र तयार आहे, एकदम भारी आहे. बऱ्याच दिवसांनी मी खुर्चीत नीट टेकून बसले.

शनिवारी ती लवकर आली. आप्पा केबिनच्या कोपऱ्यात बसले होते, त्यांना तिने दारातूनच नमस्कार केला. आप्पांनी हात वर केला. मालकांनी पत्र दिलं. तिने ते उभ्यानेच वाचलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, आता हसेल, मग हसेल. तिने पत्र घडी न घालता परत टेबलावर ठेवलं.

"सर, शेवटची ओळ काढता काय?"

"अगं, ती तर तुझ्या बाजूची आहे," मालक म्हणाले. "निर्दोष लिहिलंय."

"व्हय सर. पण वाचणारा विचारणार की, चौकशी कशाची?"

ती खाली बघून बोलत होती, आवाज अजिबात चढलेला नव्हता. "हे लेटर मी जाईल तिथं दाखवणार. मग प्रत्येक ठिकाणी हे सांगत बसायचं, दसरा, खातं, कोड. निर्दोष नको सर. मी किती दिवस होते आणि काय काम केलं, तेवढंच लिहा."

कोपऱ्यात आप्पा उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मला एकदम जाणवलं की आम्ही तिघांनी मिळून तिच्यावर केवढा उपकार केल्याच्या थाटात तिला बोलावलं होतं. माझे कान गरम झाले. मी मालकांना म्हणाले, सर, उठा, मी टाइप करते, आणि ते खरोखर उठले. मी ती ओळ काढली. मग उत्तम, उत्तम, उत्तम हेही काढलं, कारण तिने त्यालाही नको म्हणून मान हलवली. कंपनीला जायच्या मेलमध्येही तेवढंच ठेवलं आणि तिच्यासमोर पाठवला. प्रिंटरने कागद सोडला, मालकांनी सही केली, शिक्का मारला.

तिने नवं पत्र वाचलं. कामावर आली तो दिवस, सोडलं तो दिवस, डिझाइन विभाग, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मग तिने कागद उलटा केला आणि मागची कोरी बाजू उजेडात धरून बघायला लागली.

"मागं काय बघतीस?" मी विचारलं.

"काही नाही अक्का," ती म्हणाली. "कुठं काही लिहिलेलं नाही ना, ते बघायले."